लाँग ब्रँच की ब्रॅम्प्टन? मोर्शीच्या भाऊंना उत्तर

भाऊ, तुम्ही विचारलंत: कॅनडाचा पीआर (कायम राहायचा परवाना) आला, पोरगी चार वर्षांची, टोरांटोच्या टोकाला लाँग ब्रँचचे फोटो पाहून वहिनींना पाण्याकाठची शांतता आवडली, तिथे राहावं की आपली माणसं असलेल्या ब्रॅम्प्टनला? मी वरुडकडची, लाँग ब्रँचमध्येच राहते. माझं मत: या, पण पहिला हिवाळा ब्रॅम्प्टनला काढून.

ते फोटो उन्हाळ्यातले आहेत. ओंटारिओ सरोवर 244 मीटरपर्यंत खोल, म्हणून ते सहसा पूर्ण गोठत नाही, आणि वारा उघड्या पाण्यावरून थेट अंगावर येतो. जानेवारीत लाटांचे तुषार कठड्यावर उडून तिथेच गोठतात, लोखंडाचा गज मनगटाएवढा जाड होतो. मे महिन्यात मोर्शीत तुमचा कूलर घरघरत असतो, तेव्हा इथे काठावर जॅकेट लागतं. पाणी तापायला फार वेळ घेतं. ब्रॅम्प्टन पाण्यापासून आत, तिथे तोवर लोक हाफ शर्टात फिरतात.

थंडीचं एक वेळ निभतं. वहिनींचं बघा. आपल्याकडे दुपारी जरा पाठ टेकली की शेजारीण "काय करून राह्यली वं?" म्हणत दारात हजर. इथले शेजारी भले आहेत, हात हलवतात, बर्फसुद्धा ढकलून देतात, पण घरात कोणी डोकावत नाही. डिसेंबरात पावणेपाचलाच अंधार पडतो. तुम्ही कामावर, पोरगी शाळेत (चौथ्या वर्षी ज्युनिअर किंडरगार्टन, सरकारी शाळेत फुकट), मग त्या घरात बोलायचं कोणाशी?

जाण्यायेण्याचं सोपं आहे. गो ट्रेनने (इथली लोकल) शहराच्या मध्यातलं युनियन स्टेशन अर्ध्या तासाच्या आत. स्ट्रीटकार (ट्राम) तासभर खाते, रोजच्याला नको. फेब्रुवारी 2024 पासून गोवरून टीटीसीत (टोरांटोची बस, मेट्रो, ट्राम) बदलताना दुसरं तिकीट पडत नाही. म्हणून घर स्टेशनजवळ पाहा. पाणी तिथूनही चालत गाठता येतं आणि खिडकीतून सरोवर दिसण्याचे जास्तीचे पैसे वाचतात.

ज्वारीचं पीठ, तूरडाळ भरायला मिसिसागा-ब्रॅम्प्टनची चक्कर ठरलेली. मसूर मात्र कुठेही मिळेल, कॅनडाच्याच सस्काचेवान प्रांताची. ज्या पिवळ्या वाटाण्याच्या आयातीवरून आपले तूरवाले चिडतात, तोही बराचसा तिथलाच!

भाड्याचं नीट ऐका. ओंटारिओ प्रांतात (टोरांटो त्यातच) घरमालक पहिल्या महिन्याचं भाडं आणि शेवटच्या महिन्याचं आगाऊ घेऊ शकतो. त्यावर डिपॉझिट मागणं कायद्यात बसत नाही. नवखा माणूस दिसला की सहा महिन्यांचं एकदम मागणारे भेटतात, तिथून सरळ उठा. 15 नोव्हेंबर 2018 नंतर पहिल्यांदा राहायला दिलेल्या घरांना भाडेवाढीची सरकारी मर्यादा नाही, त्यामुळे चकचकीत नव्या टॉवरपेक्षा लेक शोअर बुलेवार्डवरची जुनी तीन-चार मजली इमारत बरी. हीटिंग भाड्यात धरलंय का ते करारात लिहून घ्या. 'हायड्रो' वेगळं म्हणाले तर ते पाण्याचं नाही, विजेचं बिल.