द्राक्षाच्या डीएनएचं चौकोनी चित्र वाचायचं कसं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी द्राक्षाच्या क्लोरोप्लास्टच्या (पानातल्या हिरव्या कणाच्या) डीएनएचा पूर्ण क्रम, म्हणजे ए, टी, सी, जी या चार अक्षरांची माळ, घेतला, पायथनमध्ये त्याचं केऑस गेम रिप्रेझेंटेशन, म्हणजे चौकोनातलं ठिपक्यांचं चित्र, काढलं, चौकोनाची खालची बाजू गडद आली. गाईड सर म्हणाले, "चित्र छान आहे, पण कळलं काय?" शिवाय दिंडोरीहून वडील विचारतायत, यातून डावणीचं (द्राक्षावरच्या डाउनी मिल्ड्यू रोगाचं) काही कळेल का.

सरांचं बरोबर आहे. गडद बाजूचं आधी उरकू. जेफ्री यांनी 1990 मध्ये ही पद्धत मांडली, त्यात ए आणि टी खालच्या दोन कोपऱ्यांत, सी वर डावीकडे, जी वर उजवीकडे. द्राक्षाच्या क्लोरोप्लास्टमध्ये ए-टी जवळपास 63 टक्के, म्हणून खाली गर्दी. हे कळायला चित्र लागत नाही, नुसती अक्षरं मोजली तरी कळतं.

चित्राची खरी गंमत वेगळी आहे. मधोमध (0.5, 0.5) पासून सुरुवात करायची आणि प्रत्येक अक्षराला त्याच्या कोपऱ्याकडे निम्मं अंतर जायचं. एसीजी कागदावर करून पाहा: ए ला (0.25, 0.25), सी ला (0.125, 0.625), जी ला (0.5625, 0.8125). शेवटचं अक्षर जी, म्हणून बिंदू वरच्या उजव्या चौकोनात. त्याआधी सी, म्हणून त्या चौकोनाच्या वरच्या डाव्या भागात. त्याआधी ए, म्हणून त्याच्याही खालच्या डाव्या कोपऱ्यात. पाकिटावरचा पत्ता पोस्टमन शेवटून वाचतो ना, आधी नाशिक, मग पंचवटी, मग गल्ली, तसंच. माणसाच्या डीएनएत सीजी ही जोडी फार कमी, कारण मिथिल हा छोटा रासायनिक गट लागलेला सी कालांतराने टी होतो. म्हणून तिथे नेमका तोच उपचौकोन फिका पडतो, आणि सीजी असलेल्या प्रत्येक लांब तुकड्याच्या जागी तो खड्डा लहान होत पुन्हा पुन्हा उमटतो.

आता तुमच्या चित्राची अडचण. "एका बिंदूत अख्खा क्रम साठतो" असं पुस्तकी वाक्य तुम्ही लिहिलंय. कागदावर खरं. संगणकात दर अक्षराला एक बिट जातो, त्यामुळे नेहमीच्या फ्लोटमध्ये (संगणक दशांश संख्या ठेवतो त्या साच्यात) पन्नासेक अक्षरांपलीकडची आठवण पुसली जाते. आणि चित्र 512 बाय 512 पिक्सेलचं असेल तर एका पिक्सेलला फक्त शेवटची 9 अक्षरं कळतात. म्हणजे तुम्ही काढलंय ते 9 अक्षरी तुकड्यांच्या मोजणीचं कोष्टक, खाने 2,62,144. तुमचा क्रम 1,60,928 अक्षरांचा. खान्यांपेक्षा अक्षरंच कमी, तर रिकाम्या जागा राहणारच, त्यांना अर्थ चिकटवू नका. 6 अक्षरांवर या: 4,096 खाने, सरासरी खान्यामागे 39 नोंदी. मग फिकट-गडदला काही वजन येतं. (फास्टा, म्हणजे क्रम साठवलेल्या मजकुराच्या, फाइलमधली लहान लिपीतली अक्षरं तुमचा कोड गुपचूप गाळत नाही ना, तेही एकदा बघा.)

त्यानंतर तोच क्रम पत्त्यांसारखा पिसून त्याचं चित्र शेजारी ठेवा. एकदा नुसती अक्षरं पिसा, एकदा जोड्यांचं प्रमाण सांभाळून. गोल्डमन यांनी 1993 मध्येच दाखवलं की या चित्रांतली बरीचशी नक्षी दोन-तीन अक्षरी तुकड्यांच्या प्रमाणातूनच येते. पिसलेल्या चित्रातही जे दिसतं ते बाजूला ठेवा; उरेल त्यावर प्रबंधात बोला. माझ्या मते हे न करता रंगीत चौकोन छापणं म्हणजे निव्वळ सजावट.

आणि "जागा" हवी असेल तर केऑस गेम सोडाच. कुठला तुकडा किती वेळा आला हे त्यात दिसतं, कुठे आला हे दिसत नाही. त्यासाठी झेड-कर्व्ह (झांग आणि झांग, 1994). त्याच्या तीन अक्षांपैकी तुम्हाला एकच पुरे: ए-टी आलं की एक पायरी वर, जी-सी आलं की एक खाली. तुमचा आलेख सतत चढत जाईल. त्यातून सरळ रेषेचा कल वजा करा. द्राक्षाच्या क्लोरोप्लास्टमध्ये मोठा भाग 89,147 अक्षरांचा, लहान 19,065 चा, आणि 26,358 अक्षरांचा एकच तुकडा दोनदा, उलटसुलट. या दोन तुकड्यांत आरआरएनएची (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या आरएनएची) जीन्स आहेत, तिथे जी-सी जास्त. म्हणून तिथे आलेख उतरेल, मधल्या लहान भागात पुन्हा चढेल. सरांना हे दाखवा: आलेखाची वळणं आणि ज्ञात सीमा जुळतात की नाही.

ते दोन तुकडे एकमेकांच्या उलट आहेत हे मात्र झेड-कर्व्ह सांगणार नाही. त्याला जुना डॉट प्लॉट, 1970 चा, गिब्ज आणि मॅकइंटायर यांचा: दोन क्रम आडवे-उभे मांडून जुळेल तिथे ठिपका. क्रम स्वतःच्याच उलट-पूरक रूपासमोर (शेवटून वाचून, ए-टी आणि सी-जी यांची अदलाबदल करून) मांडा, दोन लांब रेघा लगेच दिसतील. या सगळ्यात मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो.

कोलकात्याच्या अशेष नंदी यांचा 1994 चा द्विमितीय आलेखही तुम्ही विचारलाय. सोपा आहे, पण त्यात ए डावीकडे, जी उजवीकडे. त्यामुळे एजीएजीएजी आलं की रेघ जागच्या जागी पुढेमागे होते आणि किती वेळा झाली ते चित्रावरून कळत नाही. छोट्या जीनपुरता ठीक.

वडिलांना सांगा, क्लोरोप्लास्टच्या चित्रातून डावणीचं काही कळणार नाही. डावणीला प्रतिकार करणारी ज्ञात जीन्स केंद्रकातल्या 19 गुणसूत्रांवर आहेत, आणि त्यातलं आरपीव्ही-1 तर मस्कॅडिनिया या जंगली नातलगाकडून संकरातून आलेलं. अख्ख्या जीनोमच्या चौकोनात एका जीनचा फरक बुडून जातो. त्यासाठी मार्कर, म्हणजे त्या जीनजवळची डीएनएतली ओळखखूण, वापरून रोपं तपासायची असतात. तोवर फवारणीचं वेळापत्रक आहे तसंच ठेवा म्हणावं.