ॲरिस्टॉटलच्या झाडांना ‘आत्मा’ असतो का?

प्रश्न असा आला आहे : ॲरिस्टॉटलच्या मते वनस्पतींनाही आत्मा असतो, असं मराठीत वाचलं, हे भाषांतर बरोबर आहे का?

मूळ ग्रीक शब्द प्सूखे. इंग्रजीतून आपल्याकडे तो ‘सायकी’ होऊन आला. ॲरिस्टॉटलपुरता त्याला ‘जीव’ हा प्रतिशब्द घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. ‘झाडात जीव असतो’ या वाक्याला मराठी वाचक अडखळत नाही, आणि ॲरिस्टॉटलला म्हणायचंय तेही जवळपास हेच.

‘पेरी प्सूखेस’ (म्हणजे ‘प्सूखेविषयी’) या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ॲरिस्टॉटल म्हणतो, डोळा हा स्वतंत्र प्राणी असता, तर दृष्टी हा त्याचा जीव ठरला असता. दृष्टी गेली की उरतो तो नावापुरता डोळा, दगडात कोरलेल्या डोळ्यासारखा. शरीराची जगण्याची जी क्षमता, तीच प्सूखे. वनस्पतीत ती पोषण, वाढ आणि पुनरुत्पादन एवढंच करते. प्राण्यांत संवेदनेची भर पडते, माणसात विचाराची. इथे ‘आत्मा’ लिहिलं की गीतेतलं ‘न हन्यते हन्यमाने शरीरे’ आठवतं आणि सगळा युक्तिवाद उलटा वाचला जातो. शरीरावेगळं काही असू शकेल ही शक्यता तो फक्त ‘नूस’बाबत मोकळी ठेवतो, तिथे ‘बुद्धी’ लिहावं.

प्लेटोला मात्र ‘आत्मा’ शोभतो. ‘फायडो’ या संवादात मृत्यू म्हणजे आत्म्याने देहापासून सुटणं, आणि तो आत्मा पुन्हा जन्मही घेतो. पण इथेही एक खाच आहे, आणि चांगले भाषांतरकारसुद्धा तिच्यात अडकतात. ‘फायड्रस’ या त्याच्या दुसऱ्या संवादातलं आत्म्यासाठीचं रथाचं रूपक वाचताना आपल्याला कठोपनिषद आठवतं. कठोपनिषदात आत्मा रथी, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि शरीर रथ. प्लेटोच्या रूपकात सारथी आणि दोन्ही घोडे मिळून प्सूखे होते; बेलगाम घोडासुद्धा आत्म्याचाच भाग! ‘रिपब्लिक’च्या चौथ्या भागातही विवेक, तेज (राग, स्वाभिमान) आणि वासना हे तिन्ही आत्म्याचेच अंश आहेत. प्लेटोचं भाषांतर करताना पहिल्याच पानावर तळटीप देऊन हे सांगावं, नाहीतर वासना देहाच्या खात्यावर जमा होते.

होमरसाठी ‘प्राण’ घ्या. ‘इलियड’मध्ये प्सूखे तोंडावाटे किंवा जखमेतून निघून जाते. मेल्यानंतर उरते ती नुसती छाया : तेविसाव्या सर्गात अकिलीस आपल्या मेलेल्या मित्राला, पॅट्रोक्लसला, कवेत घ्यायला हात पुढे करतो, आणि ती छाया चिरक्या आवाजात ओरडत धुरासारखी जमिनीखाली निघून जाते. तिथे ‘प्राण’ चालत नाही, ‘छाया’च लिहावं. देहासाठीचा ‘सोमा’ हा शब्दही होमर प्रेतासाठी वापरतो, म्हणून ‘शरीर’ न लिहिता ‘कलेवर’ लिहावं.

ॲरिस्टॉटलनंतरचा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस याची प्सूखे अणूंची बनलेली, मरणाबरोबर विखुरणारी. तिथे पुन्हा ‘जीव’.

आणि सायकॉलॉजीला आपण मानसशास्त्र म्हणतो, म्हणून प्सूखेला ‘मन’ करू नये. ॲरिस्टॉटलच्या झाडाला जीव आहे, मन नाही.