जुन्या साध्या मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) लावला तर मोटर लवकर जाते का? इन्व्हर्टर ड्यूटी, म्हणजे ड्राइव्हवर चालवण्यासाठीच बनवलेली मोटरच घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा: ब्लोअरची २० एचपीची जुनी मोटर आहे, स्टार-डेल्टा स्टार्टर काढून ड्राइव्ह लावायचाय आणि रिवाइंडिंगवाला म्हणतो, 'ड्राइव्ह लावला की मोटर खलास.' हे वाक्य ऐकलं की मला गप्प बसवत नाही. ड्राइव्ह आणि मोटर यांच्या मधल्या केबल, ग्लँड (केबलचं टोक बॉडीला पकडणारी फिटिंग) आणि अर्थिंगमध्ये कंजुषी करायची, मोटर गेली की बिल ड्राइव्हच्या नावावर फाडायचं, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार आहे.

माझ्या माहितीतलं उदाहरण सांगतो. ३० किलोवॅटचा ब्लोअर. ड्राइव्ह एमसीसी (मोटरच्या पॅनेलच्या) रूममध्ये, मोटर शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये ऐंशीएक मीटर केबल. ड्राइव्ह लावल्यावर काही महिन्यांतच मोटरचं ६३१२ नंबरचं बेअरिंग ओरडायला लागलं. बदललं, तर परत तेच. मग नेहमीची यादी सुरू झाली. आधी बेअरिंग डुप्लिकेट ठरलं, मग ग्रीस चुकीचं, मग अलाइनमेंट, आणि शेवटी 'तो ड्राइव्हच काढा'. जुनं बेअरिंग कापून बघायला मात्र कोणी तयार नव्हतं. अखेर बाहेरची रेस (बेअरिंगची कडी) कापली. बॉल धावतो त्या पट्ट्यावर सारख्या अंतराने आडव्या रेघा होत्या, नुकतीच टाकी लावलेल्या पाट्यासारख्या. ग्रीस काळं ठिक्कर पडलेलं. अलाइनमेंट बिघडलं असतं तर पट्टा तिरका झाला असता, अशा रेघा उमटल्या नसत्या. ही फ्लुटिंग, म्हणजे बेअरिंगमधून करंट गेल्याची खूण.

करंट येतो कुठून? ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस ५६० ते ५९० व्होल्टची असते आणि आयजीबीटी (ड्राइव्हमधले इलेक्ट्रॉनिक स्विच) तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून मोटरला देतात. या तुकड्यांत तिन्ही फेजची बेरीज शून्य होत नाही. जो उरतो तो कॉमन मोड व्होल्टेज. तो स्टेटर-रोटरमधल्या कपॅसिटन्समधून शाफ्टवर चढतो, बॉलखालचा ग्रीसचा बारीक थर फोडतो आणि बेअरिंगमधून वाट काढतो. दर ठिणगीला एक सूक्ष्म खड्डा. कॅरियर फ्रीक्वेन्सी (सेकंदाला तुकडे पाडण्याचा वेग) जितकी जास्त तितक्या ठिणग्या जास्त, आणि इथे मोटर शिट्टी मारते म्हणून कोणीतरी ती १२ किलोहर्ट्झ करून ठेवली होती.

आता अर्थिंग. साधी आर्मर्ड केबल, पॅनेलच्या बाजूला आर्मर टेप गुंडाळून मोकळं सोडलेलं, मोटरच्या बाजूला ग्लँड हाताने फिरेल इतका सैल. अर्थ म्हणून शेडच्या कॉलमला मारलेली जीआय पट्टी. ५० हर्ट्झच्या फॉल्टला ही पट्टी पुरते. किलोहर्ट्झ आणि त्याच्या वरच्या करंटला ती वाटच वाटत नाही. त्याला ड्राइव्हकडे परतायला केबलमधूनच, जवळून आणि रुंद रस्ता लागतो. तो रस्ता नसेल तर हा करंट बेअरिंग आणि कपलिंगमधून ब्लोअरच्या बॉडीकडे जातो.

इलाज असे झाले: तीन फेज आणि सिमेट्रिकल अर्थ असलेली शील्डेड (धातूच्या कवचाची) केबल, दोन्ही टोकांना ईएमसी ग्लँड (शील्डला चहूबाजूंनी पकडणारा), शील्ड ग्लँडला पूर्ण टेकलेली. शील्डचं शेपूट पिळून बोल्टखाली दाबू नका, उच्च फ्रीक्वेन्सीला त्याचा जवळजवळ उपयोग नाही. अर्थची तार मोटरच्या बॉडीपासून थेट ड्राइव्हच्या पीई (अर्थच्या) टर्मिनलवर. शाफ्टला ग्राउंडिंग रिंग (शाफ्टवरचा करंट अर्थकडे नेणारी), आणि रिंग बसते तिथला पेंट व गंज खरवडून काढलेला. कॅरियर ४ किलोहर्ट्झ. शिट्टी थोडी वाढली, ती ऐकायची. त्यानंतर बेअरिंगची तक्रार आली नाही. इन्सुलेटेड एनडीई (कपलिंगच्या उलट टोकाचं) बेअरिंग प्रामुख्याने १०० किलोवॅटच्या पुढच्या मोटरसाठी असतं. तिथेही ते एकटं पुरत नाही, दुसऱ्या टोकाला रिंग लागतेच.

आणि ही शील्डेड केबल पहिल्या यादीत होती बरं का! परचेसने 'केबल ती केबल' म्हणून उडवली. तुमच्याकडेही तसंच होईल, म्हणून कोटेशनमध्ये केबल, ग्लँड आणि रिंग ड्राइव्हच्याच आयटममध्ये एकत्र लिहा. वेगळी ओळ दिसली की कात्री लागते.

आता तुमच्या मोटरबद्दल. ड्राइव्हपासून केबल १०-१५ मीटरच्या आत असेल आणि वाइंडिंग धड असेल तर जुनी मोटर चालते. लांब केबलमध्ये पल्स मोटरच्या टोकाला आपटून परत फिरतो आणि टर्मिनलवर डीसी बसच्या दुपटीपर्यंत, म्हणजे ११०० व्होल्टच्या वर, शिखरं येतात. त्यांचा मार कॉइलच्या पहिल्या काही टर्नना बसतो. ३० मीटरच्या पुढे डीव्ही-डीटी फिल्टर (पल्सची चढण मऊ करणारा) घ्या, शंभराच्या पुढे साइन फिल्टरचा (पल्सची जवळपास साइन वेव्ह करणारा) विचार करा. रिवाइंडिंग करायचंच झालं तर इन्व्हर्टर ग्रेड वायर आणि फेजच्या मधे इन्सुलेशन पेपर मागा, वार्निश नीट आतपर्यंत मुरू द्या. नवी घेत असाल तर इन्व्हर्टर ड्यूटीच घ्या. फक्त तो शिक्का बहुतेक वेळा वाइंडिंगपुरता असतो, बेअरिंगचं काय ते विक्रेत्याला वेगळं विचारा.

मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) मारण्याआधी केबल ड्राइव्हच्या यू-व्ही-डब्ल्यूवरून सोडवा, नाहीतर आयजीबीटी उडतील. स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टर मधे ठेवू नका. सहा तारांच्या टर्मिनल बॉक्समध्येच पट्ट्या मारून मोटर कायमची डेल्टा करा, ड्राइव्हमधून तीनच तारा जाऊ द्या. चालू ड्राइव्हच्या आउटपुटला कॉन्टॅक्टर उघडला की ट्रिप ठरलेली, कधी आयजीबीटीही जातो. पॉवर फॅक्टरचा कपॅसिटर मोटरला जोडलेला असेल तर काढून टाका.

पॅरामीटरमध्ये ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, नेमप्लेटवरचा करंट आणि आरपीएम भरा. फॅनचं जडत्व मोठं असतं. डिसेल टाइम (थांबायला दिलेला वेळ) कमी ठेवलात तर मोटर जनरेटर होते आणि ड्राइव्ह ओव्हरव्होल्टेजला ट्रिप होतो. ब्रेक रेझिस्टर विकत घेण्यापेक्षा स्टॉप 'कोस्ट'वर (आपोआप फिरत थांबू देणं) ठेवा. बंद असताना वाऱ्याने फॅन उलटा फिरत असेल तर फ्लाइंग स्टार्ट (फिरत्या मोटरला पकडून चालू करणं) चालू करा.

कमी स्पीडला मोटर तापेल ही भीती सेंट्रिफ्युगल ब्लोअरला फारशी नाही, कारण स्पीडच्या वर्गाने टॉर्क उतरतो आणि घनाने पॉवर. ४० हर्ट्झला साधारण ५१ टक्के. कन्व्हेयर किंवा मिक्सरला मात्र २०-२५ हर्ट्झच्या खाली वेगळा कूलिंग फॅन लागतोच.

हे सगळं सेंट्रिफ्युगल धरून लिहिलंय. तुमचा ब्लोअर ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्धीकरण प्लांटवरचा) ट्विन लोब, म्हणजे दोन लोबनी हवा ढकलणारा असेल तर वरचा घनाचा हिशेब सोडून द्या. त्याला टॉर्क जवळपास सारखाच लागतो, बचत स्पीडच्या प्रमाणातच होते आणि फार हळू फिरवला तर हवा आतच घसरून डिस्चार्जचं तापमान चढतं. त्याचा किमान आरपीएम ब्लोअरवाल्याकडून लेखी घ्या आणि ड्राइव्हच्या लोअर लिमिटमध्ये टाका.