मैदानाचं टपाल: अजिंक्यपदाचा हिशेब

दिवाळीनंतर आलेल्या टपालात या वेळी ग्वाल्हेरच्या आंतर-महाविद्यालयीन ॲथलेटिक्सचाच भरणा आहे. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तर त्याहून मोठं झालंय, त्यामुळे बाकीच्यांना जरा दाटीवाटीने बसावं लागेल.

प्रश्न: ताई, लष्कर भागातल्या एका कॉलेजात मी क्रीडा अधिकारी आहे. गेल्या वर्षी आमची मुलं ५४ गुणांवर दुसरी आली, पहिल्या कॉलेजचे ५८ होते. आमच्या ५४ पैकी २८ गुण मिळवणारे दोघे आता पास होऊन गेले. राहिलेल्यांत ४×४०० रिलेच्या दुसऱ्या नंबराचे ६ आहेत. यंदा मात्र तीन नवे जोरदार आलेत. एक १०० आणि २०० मीटरवाला (१०० मीटर १०.९ सेकंद), एक ६.८० मीटर लांब उडी मारतो, एक भाला ६० मीटरच्या आसपास फेकतो. पहिल्या तिघांना ५-३-१ गुण, रिलेला दुप्पट. एका प्रकारात कॉलेजचे दोघे, आणि एका खेळाडूला तीन वैयक्तिक प्रकार. स्पर्धा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. प्राचार्य रोज विचारतात, यंदा ट्रॉफी येणार ना? काय सांगू?

सांगा, आजच्या तयारीवर नाही. रागावू नका, तुमचेच आकडे मांडते. ५४ मधून २८ गेले, उरले २६. गेलेले दोघे त्या ४×४०० मध्ये धावले असणारच, म्हणजे ते ६ सुद्धा नव्याने कमवायचे. उरले २०. नवे तिघे आपापल्या प्रकारात पहिले आले असं धरू: १००, २००, लांब उडी, भाला मिळून २०. झाले ४०. ४×१०० रिले जिंकलात तर १०. बेरीज ५०. ४×४०० सोडून बाकी सगळं मनासारखं होऊनही ५०, आणि मैदानावर सगळं मनासारखं झालेलं मी तरी पाहिलेलं नाही.

आता त्या १०.९ कडे येते. ही वेळ कोणाच्या घड्याळातली? हातातल्या घड्याळावर १०० आणि २०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण ०.२४ सेकंदाने कमी भरते, म्हणून तुलना करताना तेवढी मिळवतात. म्हणजे तुमचा मुलगा झाला ११.१४ चा. तेही घड्याळ नियमाने लावलं असेल तर. नियम असा की पिस्तुलाचा धूर किंवा ज्योत दिसली की बटण दाबायचं, आवाजाची वाट बघायची नाही, कारण शंभर मीटरवर आवाज पोहोचायलाच पाव सेकंदाहून जास्त लागतो. आपल्याकडे सरावाला पिस्तूल कुठलं? पलीकडून कोणीतरी टाळी वाजवतं, सर ती ऐकून घड्याळ सुरू करतात, आणि आपला पोरगा शेवटच्या रेषेच्या अलीकडे असतानाच प्रेमाने अंगठा दाबतात. दोन्हीकडून फायदा पोराचा. मग स्पर्धेत ११.३ लागले की सगळे म्हणतात, आज बिचाऱ्याचा दिवस नव्हता. एकदा तिघांच्या हातात घड्याळं द्या, रुमाल खाली आला की सुरू करा, आणि मधली वेळ धरा. जे येईल ते मान्य करा.

आता मुद्द्याचं. तुम्ही पत्रात चारच वैयक्तिक प्रकारांची नावं लिहिलीत, आणि चारही असे की जिथे प्रत्येक कॉलेजचा कोणी ना कोणी असतोच. १०० मीटरला हीट्स (प्राथमिक फेऱ्या) घ्याव्या लागतात आणि पलीकडे हातोडाफेकीच्या वर्तुळापाशी तिघेजण जांभया देत उभे असतात. तिघे म्हणजे तिघांनाही गुण! गेल्या वर्षीचं निकालपत्रक काढा आणि ज्या प्रकारांत पाचापेक्षा कमी खेळाडू उतरले त्यांच्यावर लाल खूण करा. मी पैजेवर सांगते, तिहेरी उडी, ११० मीटर अडथळे (हर्डल्स), ३००० मीटर स्टीपलचेस, हातोडा, बांबू उडी, चालण्याची शर्यत यांतल्या निदान तिघांवर ती खूण पडेल. ट्रॉफी तिथे पडलेली आहे.

आधी घरचंच वापरा. ६.८० मीटर उडी मारणारा मुलगा तुम्ही एकाच प्रकारात का ठेवलाय? तिहेरी उडीत घाला. धाव त्याच्याकडे आहे, टेक-ऑफ आहे. पहिली उडी ज्या पायावरून, दुसरी त्याच पायावरून आणि तिसरी दुसऱ्या पायावरून, हा ताल बसवायचा. मात्र पोरं पहिली उडी उंच घेतात आणि दुसरीत कोसळतात, ती पहिली खालून, पुढे जाणारी हवी. आठवड्यातून दोनदाच, आणि गवतावर, नाहीतर टाचा आणि नडग्या धरतील.

स्टीपलचेससाठी तुमच्याकडे १५०० मीटरला चौथा-पाचवा येणारा, कधी पत्रात नाव न येणारा मुलगा असेलच. त्याला बोलवा. ३००० मीटरमध्ये २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खड्डा. पुरुषांचा अडथळा ९१.४ सेंटिमीटर उंच आणि ८० किलोच्या वर जड, हर्डलसारखा धक्क्याने पडत नाही, त्यामुळे पोरं घाबरतात आणि नाव देत नाहीत. पाण्याचा खड्डा नसेल तर लांब उडीच्या वाळूच्या खड्ड्याआधी जड लाकडी अडथळा ठेवा, त्यावर पाय देऊन वाळूत उडी, की लगेच पुढची चार पावलं पळत. दमल्यावर करून घ्या, ताज्या पायांनी सगळ्यांनाच जमतं. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे हा प्रकार सैन्यात गेल्यावर शिकला, आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ८:११.२० वेळ देऊन रौप्य घेऊन आला, सोनं हुकलं ०.०५ सेकंदाने. तुमच्या मुलाला तेवढं धावायचं नाहीये, त्याला फक्त पडायचं नाहीये.

हर्डल्ससाठी महिनाभरात नवा मुलगा तयार होत नाही म्हणतात. जिंकायला होत नाही, तिसरा यायला होतो. दोन अडथळ्यांत ९.१४ मीटर, त्यात तीन पावलं बसत नसतील तर पाच टाकू द्या, चार टाकली तर पाय बदलतो आणि नवशिका गोंधळतो. गावात १९५७ पासून लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था आहे, तिथल्या हर्डल्स करणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला रविवारी चहाला बोलवा आणि दोन तास मैदानावर उभा करा. हातोड्याचं मात्र एक ऐका: जाळीचा पिंजरा नसेल तर ७.२६ किलोचा गोळा तारेला बांधून कोणालाही फिरवू देऊ नका, गुण गेले खड्ड्यात.

आणखी एक हिशेब लोक विसरतात. ५८ हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. ज्या प्रकारात ते कॉलेज पहिलं येतं तिथे तुमचा मुलगा पुढे गेला, तर तुम्हाला ५ मिळतात आणि त्यांचे ५ चे ३ होतात. फरक पडला ७ चा. म्हणून त्यांच्या मजबूत प्रकारांतही दुसरा खेळाडू उतरवा. दोघांची जागा असताना एकच नाव पाठवणं हा आपल्याकडचा जुना आळस आहे.

४×१०० रिलेवर थोडं. समजा तुमच्या चौघांच्या वेळा ११.१, ११.४, ११.५ आणि ११.६. बेरीज ४५.६. पण तिघे धावत्या वेगात बॅटन घेतात, त्यामुळे देवाणघेवाण चोख असेल तर ४३.५ च्या आसपास यायला हवं. ४५ लागत असेल तर पाय दोषी नाहीत, हात दोषी आहेत. बॅटन बदलण्याचा पट्टा २०१७ च्या अखेरपासून ३० मीटरचा झालाय, अजून कोणी २० च्या खुणांवर सराव घेत असेल तर थांबवा. घेणाऱ्याने मागे टाचेला बोट लावत पावलं मोजायची, वीस-बावीसपासून सुरुवात करा, तिथे पांढरी चिकटपट्टी. देणारा पट्टीवर आला की घेणाऱ्याने वळून न बघता सुटायचं. मुलं इथेच कच खातात: सुटतात आणि मान वळवतात. मान वळवली की पुन्हा. संध्याकाळी दमून जॉगिंग करतानाही चौघांच्या हातात बॅटन फिरत राहू द्या.

आता प्राचार्यांना द्यायचं उत्तर: तिहेरी उडी, स्टीपलचेस आणि हर्डल्समधून ९ आले, आणि दोन्ही रिलेत तुम्ही पहिल्या दोनांत राहिलात, तर ट्रॉफीच्या गोष्टी करता येतील. शेवटचे दहा दिवस सराव निम्मा करा आणि वेग तसाच ठेवा. उगाच धास्तीने शेवटच्या आठवड्यात मुलांना पिळू नका.

प्रश्न: मी जनकगंजमध्ये राहते. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, ८०० मीटर धावते. पहाटे साडेपाचला नुसता चहा घेऊन धुक्यात जाते. दोन महिन्यांपासून लवकर दमते, वेळ २:२४ वरून २:३१ वर गेली. सर म्हणतात वजन कमी कर. मला पटत नाही.

मलाही पटत नाही. आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन आणि त्याबरोबर फेरिटिन. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो ॲनिमिया, पण ते १२ च्या वर असूनही शरीरातला लोहाचा साठा संपलेला असू शकतो, तो फेरिटिनमध्ये दिसतो. लांब धावणाऱ्या मुलींत हे वारंवार आढळतं आणि घरचे म्हणतात अभ्यासाचं टेन्शन. तिची पाळी पुढे पुढे जात असेल किंवा थांबली असेल, तर वजन कमी करण्याचं नावही काढू नका, डॉक्टरांकडे जा. याचा अर्थ बहुधा ती धावण्यात जेवढी ताकद खर्च करते तेवढं खात नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

पहाटे जाण्याआधी गजकचे (तीळगुळाच्या वडीचे) दोन तुकडे किंवा केळं, परत आल्यावर अर्ध्या तासात पोटभर न्याहारी. चहा जेवणाबरोबर नको, त्याने अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, तास-दीड तास मधे जाऊ द्या. पालेभाजीवर लिंबू पिळा. आणि किल्ला दिसेनासा करणाऱ्या धुक्यात रस्त्यावर धावणं बंद. उजाडेपर्यंत थांबून मैदानावर धावली तर काही बिघडत नाही, डिसेंबरात तर वॉर्म-अपच वीस-पंचवीस मिनिटं हवा.

प्रश्न: माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकतो. तो म्हणतो क्रॉस कंट्रीत ज्या संघाचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो. मला फिरवतोय का? (एक विद्यार्थी, मुरार)

नाही रे, खरं सांगतोय. क्रॉस कंट्रीत धावपटूचा क्रमांक हेच त्याचे गुण. संघाचे सात धावतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे. सहावा-सातवा मोजले जात नाहीत, पण ते दुसऱ्या संघाच्या पाचव्याच्या पुढे आले तर त्याचा क्रमांक मागे ढकलतात. तिथे शरद ऋतूत क्रॉस कंट्री, हिवाळ्यात इनडोअर, वसंतात बाहेरच्या ट्रॅकवर, असा वर्षभराचा हंगाम असतो. तिथल्या कॉलेजांच्या राष्ट्रीय ट्रॅक स्पर्धेत पहिल्या आठांना १०-८-६-५-४-३-२-१ असे गुण मिळतात, त्यामुळे आठव्या नंबरासाठीही मुलं जीव तोडून धावतात. मला आपल्या ५-३-१ पेक्षा ही पद्धत जास्त आवडते. आपला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेट विद्यापीठाकडून तिथली उंच उडी २०१८ आणि २०२२ मध्ये जिंकला.

प्रश्न: लांब उडीत तीनपैकी दोन उड्या फाउल जातात. सरावात जात नाहीत.

सराव सकाळी करतोस आणि स्पर्धा दुपारी असते, हो ना? दव पडलेल्या मैदानावरची धाव आणि उन्हात तापलेल्या मैदानावरची धाव सारखी नसते. शिवाय स्पर्धेच्या दिवशी अंगात जोर जास्त असतो, पाऊल लांब पडतं. टेपने मोजून धावेची सुरुवात अर्धा पाऊल मागे घे आणि पहिली उडी सुरक्षित मार. २०२१ च्या नोव्हेंबरपासून नियमही कडक झालाय: पायाचा अंगठा फळीच्या पुढच्या कडेच्या वर हवेत गेला तरी फाउल, फळीपुढच्या प्लॅस्टिसिनवर (मऊ मातीसारख्या पट्टीवर) खूण उमटलीच पाहिजे असं नाही. आणि फळीकडे बघत धावू नकोस, नजर समोर.

प्रश्न: मुलींच्या ४×४०० मध्ये देताना बॅटन पडला. घेणाऱ्या मुलीने चटकन उचलला आणि धावली, आम्ही तिसऱ्या आलो, तरी बाद केलं. निकाल अन्यायाचा नाही का? दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तर घेतलाही नाही. (संघ व्यवस्थापक)

निकाल बरोबर आहे. बॅटन पूर्णपणे घेणारीच्याच हातात जाईपर्यंत तो देणारीचा असतो, आणि पडला तर जिच्याकडून पडला तिनेच उचलायचा. देणारी मागे फिरून उचलून पुन्हा देऊ शकली असती, त्यासाठी लेन सोडली तरी चालतं, फक्त अंतर वाचवायचं नाही आणि कोणाला आडवं यायचं नाही.

अर्जाचं म्हणाल तर हरकत निकाल अधिकृतपणे जाहीर झाल्यापासून ३० मिनिटांत घ्यावी लागते. आधी रेफरींकडे तोंडी, तिथे नाही जमलं तर लेखी आणि अनामत भरून अपील समितीकडे. मोबाइलवर काढलेलं चित्रण बरोबर न्या, ते बघायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. अनामत अपील फेटाळलं तर परत मिळत नाही, तेव्हा कॉलेजकडून आगाऊ रक्कम घेताना तिचीही तजवीज करा.