‘आधी इंग्रजी येऊ दे’ म्हणत शाळा तपासणी टाळते तेव्हा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत व्हिसावर राहतो. सहा वर्षांच्या मुलाला डॉक्टरांनी ऑटिझमचं निदान केलं आहे. शाळा म्हणते, घरी मराठी बोलता म्हणून तो मागे आहे, दोन वर्षं ईएसएल (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचे वर्ग) करू, मग बघू. वर्गातल्या गोऱ्या मुलाची विशेष शिक्षणासाठीची (स्पेशल एज्युकेशन) तपासणी मात्र लगेच झाली. वर्णभेदाची तक्रार करावी का?

उत्तर: व्हिसाची धास्ती सोडा. ‘आयडिया’ या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या अमेरिकी केंद्रीय कायद्याचा हक्क मुलाचा आहे, त्याला व्हिसाची अट नाही. तक्रार मात्र लगेच नको. एका मुलाच्या तुलनेवर वर्णभेद सिद्ध होणं कठीण, आणि तपासणी त्या वादात अडकते.

केवळ इंग्रजी कच्चं म्हणून मुलाला अपंग ठरवू नये, असा नियम आहे. शाळा तोच उलटा फिरवते आहे. ईएसएल चालू असतानाही तपासणी करावीच लागते.

शिक्षिकेला तोंडी सांगून मुदत सुरू होत नाही. आजच डिस्ट्रिक्टच्या (शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेच्या) स्पेशल एज्युकेशन विभागाला लेखी कळवा: ऑटिझमसह सर्व संशयित अपंगत्वांसाठी चाइल्ड स्टडी टीमने (तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने) मराठी आणि इंग्रजी दोन्हींत तपासणी करावी. डॉक्टरांचा अहवाल जोडा, पण त्याने पात्रता आपोआप ठरत नाही. पत्र पोचल्यापासून 20 दिवसांत बैठक व्हायला हवी (शाळेच्या सुट्ट्या वगळून, उन्हाळ्याची मात्र धरतात). संमतीपत्रावर सही झाल्यापासून 90 दिवसांत तपासणी, पात्रतेचा निर्णय आणि पात्र असल्यास आयईपी (मुलासाठीची वैयक्तिक शिक्षण योजना) लागू. सहीच्या कागदाची तारखेसह प्रत ठेवा. नकार आला तर कारणं लेखी मागा.

खरी गडबड चाचणीत होते. दुभाष्याने प्रश्न जागच्या जागी मराठीत सांगितले, तर इंग्रजी चाचणीचे ठरलेले निकष लागू पडत नाहीत. अहवालात तसं लिहायला लावा. ‘नजर न देणं ही यांची संस्कृती’ असं कुणी म्हणालं, तर मुलगा व्हिडिओ कॉलवर आजीकडेही बघत नाही, हे लिहून द्या. वर्तनाचा ठपका ठेवून भावनिक विकाराच्या गटात टाकलं, तर सही करू नका. कृष्णवर्णीय मुलांच्या पालकांचं हे जुनंच दुखणं आहे.

अहवाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने स्वतंत्र तपासणी मागता येते. डिस्ट्रिक्टला एक तर खर्च द्यावा लागतो, नाहीतर सुनावणीला जावं लागतं. आणि न्यू जर्सीत 2008 पासून तिथे सिद्ध करण्याचा भार डिस्ट्रिक्टवर असतो.

दरम्यान, ‘तुमच्याकडची मुलं’ वगैरे वाक्यं आली असतील, तर तारखेसह टिपून ठेवा. केंद्रीय नागरी हक्क कार्यालयाकडे जायला घटनेपासून 180 दिवसच मिळतात, आणि चाइल्ड स्टडी टीमच्या मुदतीसाठी ते थांबत नाहीत.