घुमटाचा डावा हात

प्रिय बाय,

अनेक आशीर्वाद. आपल्या गोव्याच्या घुमटाची, म्हणजे कातडं ताणलेल्या मडक्याच्या तालवाद्याची, तू केलेली इलेक्ट्रॉनिक आवृत्ती पाहिली; आकृती मिळाली, ध्वनिमुद्रणही ऐकलं. काम नेटकं आहे. पीझोला (थापेच्या कंपाची वीज करणाऱ्या चकतीला) समांतर एक मेगाओहमचा रेझिस्टर आठवणीनं लावलास, तेही बरं केलंस. पण स्पष्टच सांगतो, हे अजून घुमट झालेलं नाही. थाप पडली की साठवलेला आवाज वाजतो, एवढंच. असे पॅड बाजारात हवे तेवढे मिळतात.

घुमटावर उजवा हात कातड्यावर थाप देतो, पण त्या थापेला बोलकं करतो तो डावा. मडक्याच्या दुसऱ्या, अरुंद तोंडावर तळवा थोडा सरकवला की आतल्या हवेचा नाद खाली उतरतो, हात काढला की मोकळा होतो. आणि तू नेमकं तेच तोंड झाकण लावून बंद केलंस, आत बॅटरी ठेवलीस! ती आधी दुसरीकडे हलव.

तळवा मोजायचा कसा? मोबाइलच्या पडद्यासारखी स्पर्श ओळखणारी कपॅसिटिव्ह पट्टी चिकटवायचा मोह होईल. गणेशचवथीच्या दिवसांतली दमट हवा, त्यात आरती रंगली की हाताला सुटलेला घाम. वाचन एका जागी राहायचं नाही. लेझरनं अंतर मोजणाऱ्या स्वस्त चिपाही मिळतात, पण त्यातली सर्रास वापरली जाणारी चिप नेहमीच्या मांडणीत एका मोजणीला ३३ मिलिसेकंद घेते. लय चढली की ती हाताच्या मागे पडणार. मी साधा इन्फ्रारेड एलईडी आणि फोटोट्रान्झिस्टर घेईन. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीभोवती दिव्यांच्या माळा असतातच, म्हणून एलईडी विझवून एक वाचन घे, लगेच पेटवून दुसरं घे आणि वजाबाकी कर. माळांचा उजेड दोन्हींत जवळजवळ सारखाच, तो निघून जातो. हातावरून परतलेला प्रकाश तेवढा उरतो.

हा आकडा मिडीच्या (वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात त्या भाषेच्या) साध्या कंट्रोल संदेशातून लॅपटॉपला पाठवू नकोस. त्यात ० ते १२७ एवढ्याच पायऱ्या. स्वर दाबला-सोडला एवढं सांगायला १९८३ पासूनची ती व्यवस्था उत्तम आहे, पण सावकाश सरकणाऱ्या तळव्याखाली त्या पायऱ्या कानाला टोचतात. शिवाय आरतीच्या वेळी लॅपटॉप सुरू व्हायची वाट कोण बघत बसणार? आवाज वाद्यातच तयार होऊ दे.

साठवलेले आवाजही काढून टाक. पीझोकडून नुसती ‘थाप पडली’ ही बातमी घेण्यापेक्षा त्याचा कच्चा सिग्नलच रेझोनेटर फिल्टरमध्ये, म्हणजे ठरावीक वारंवारतेला घुमणाऱ्या गाळणीत, सोड आणि त्या फिल्टरची वारंवारता डाव्या हाताच्या ताब्यात दे. कॉर्ग कंपनीच्या वेव्हड्रम या इलेक्ट्रॉनिक ढोलानं १९९४ मध्ये जवळपास हीच वाट धरली होती: ढोलाच्या पडद्यावरचा खरा आवाज उचलायचा आणि त्यावर प्रक्रिया करायची. मग नखाचा ओरखडा, बोटाची घसट, सगळंच ऐकू येतं. यात खरी मजा आहे, इथे वेळ घाल.

थाप आणि आवाज यांमधल्या उशिराचं म्हणशील तर सेकंदाला ४४,१०० ध्वनि-नमुन्यांच्या दरानं २५६ नमुन्यांचा एक बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवलेला गठ्ठा) ५.८ मिलिसेकंद खातो. एकूण उशीर दहा मिलिसेकंदांच्या आत ठेव, पण एकेका मिलिसेकंदासाठी झोप घालवू नकोस. साडेतीन मीटरवर बसलेल्या शामेळवाल्याचा (घुमटाच्या साथीच्या ढोलाचा) आवाजही दहा मिलिसेकंदांनीच पोचतो आणि माणसं बिनघोर वाजवत असतात. उशीर प्रत्येक थापेला सारखा असला की हात जुळवून घेतो. कमी-जास्त झाला की मात्र ताल ढासळतो.

खरं घुमट असताना हे कशाला, असं लोक विचारणारच. घुमटाला परंपरेनं घोरपडीचं कातडं लागतं, पण घोरपडीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि बकरीचं कातडं पावसाळी हवेत सैल पडतं. एवढं कारण पुरे. वाद घालत बसू नकोस. रंगीत दिव्यांची पट्टी तेवढी उतरव, मला ती बघवली नाही.

वादक क्लारा रॉकमोरनं थेरेमिन (हात न लावता हवेत वाजवायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य) हाती घेतलं आणि ते शोधणाऱ्या खुद्द लिऑन थेरेमिनकडून ते सुधारून घेतलं. तीन सप्तकांची पाच झाली, आवाज कमी-जास्त करणारा डावा हातही अधिक चपळ करून घेतला. तुला असंच हक्कानं उणीव दाखवणारं माणूस हवं. फोंड्याकडे आरतीची मंडळं काय थोडी आहेत? तिथल्या एखाद्या जुन्या वादकाच्या मांडीवर वाद्य ठेव आणि काहीही समजावून न सांगता वाजवू दे. त्याचा तळवा तोंडाच्या कडेवर कुठे टेकतो, त्या जागी पेन्सिलनं खूण कर. सेन्सर तिथे बसव.

कळावे, लोभ असावा.
तुझा काका