1990 साली काश्मीर सोडून आलेल्या माणसाला आता मानसोपचारतज्ज्ञाकडे नेण्यात काही अर्थ आहे का?

तुमच्या शेजारचे पंडित आजोबा रात्री चार-चार वेळा उठून दाराची कडी तपासतात आणि त्यांचा मुलगा म्हणतो, ‘पस्तीस वर्षं झाली, आता कसला डॉक्टर?’ हे वाचून राहवलं नाही. अर्थ आहे. न्याच. म्हातारपणी झोप कमीच होते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

माझं सासर श्रीनगरचं, हब्बा कदलचं. महाराष्ट्रात काश्मिरी विस्थापितांच्या मुलांसाठी कॉलेजात जागा ठेवल्या होत्या, त्यातल्या एका जागेवर नवरा पुण्यात इंजिनियरिंगला आला. सासूबाई मात्र जम्मूच्या मुठी कॅम्पात राहिल्या. आधी तंबू, मग एक खोली, त्यात पाच माणसं. जन्म बर्फात काढलेली माणसं जम्मूच्या जूनमध्ये कापडाखाली राहत होती. सासरे तिथेच गेले. 2008 साली आम्ही सासूबाईंना सिंहगड रोडला आणलं.

पहिल्याच श्रावणात त्यांनी दुधी आणि वांगी कापून, दोऱ्यात ओवून गॅलरीत टांगली. आपण उन्हाळ्यात वाळवण घालतो, तसं तिकडे थंडीसाठी भाज्या वाळवतात. पुण्याच्या पावसात त्या माळांना दोन दिवसांत बुरशी आली. त्या काढल्या की सासूबाई नव्या करायच्या. एका दुपारी मी सगळ्या कचऱ्यात टाकल्या. ‘मंडईत बारा महिने भाजी मिळते,’ असंही बोलले. त्या काही बोलल्या नाहीत. अकरा दिवस बोलल्या नाहीत. अर्धी पोळी खायच्या, आणि रात्री लिफ्टचं दार वाजलं की उठून बसायच्या.

डॉक्टरांनी नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या. तीन-चार आठवड्यांनी झोप लागू लागली. गोळ्यांना नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. झोप लागल्यावरच त्या बोलल्या. जानेवारी 1990. लाउडस्पीकरवरच्या घोषणांची ती रात्र, आणि काही दिवसांनी पहाटे दोन पिशव्या घेऊन ट्रकमध्ये. दोन-तीन महिन्यांत परत येऊ, या हिशोबाने निघालेली माणसं. निम्मा हिवाळा बाकी होता, भाज्यांच्या माळा स्वयंपाकघरात तशाच टांगलेल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘बेटा, त्या कुणी खाल्ल्या असतील?’

पुढच्या मे महिन्यात मीच त्यांना गच्चीवर घेऊन गेले. माझ्या कुरडयांशेजारी त्यांचा दुधी खडखडीत वाळला. 2019 साली त्या गेल्या, तोवर दर मे महिन्यात हे झालं. घरात आज काय बेत आहे, असं त्या पहिल्यांदा विचारू लागल्या ते तेव्हापासून.

माझा थोरला भाऊ म्हणायचा, ‘आपणही कोकण सोडून आलोच की. देश तर आपलाच.’ दहा वर्षं त्याच्याशी हा वाद घातला. सरकारी कागदांवर सासूबाई शेवटपर्यंत ‘मायग्रंट’च, म्हणजे स्थलांतरितच होत्या, ते कार्ड कुणाला दाखवून झालं की त्या ते पालथं घालून ठेवायच्या. आपलाच देश म्हणूनच जास्त सलतं, हे दादाला कळत नव्हतं. सीमा ओलांडली नाही म्हणून निर्वासित नाही, आणि देशांतर्गत विस्थापितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही. मग दुःखाला नाव काय द्यायचं? मे 2023 नंतर मणिपुरात साठ हजारांवर माणसं घराबाहेर पडली, एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या मैतेई आणि कुकी या दोन्ही समाजांची. त्यांनाही उद्या कुणी हेच ऐकवेल. संघर्षातून आलेल्या लोकांत साधारण दर पाचांमागे एकाला मानसिक आजार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. बाकीच्या चौघांना आजार नसेल, पण घर तर त्यांचंही गेलेलं असतं.

हे आधीच लिहायला हवं होतं: आजोबांना ‘तेव्हा काय झालं ते सांगा’ म्हणून खोदू नका. जबरदस्तीने बोलतं केल्याने उलटा त्रास होतो. कडी तपासू द्या, फार तर तुम्हीही एकदा त्यांच्यासोबत तपासा. मी डॉक्टर नाही, आमच्याकडे जे लागू पडलं ते तिथे पडेलच असं नाही. विसराळूपणा वाढला असेल तर तीही तपासणी करून घ्या. आणि मरणाच्या गोष्टी करत असतील तर वाट पाहू नका, टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

मुलाला मात्र माझ्या दादाचं सांगा. तो दर गणपतीला गावी जातो. आदल्या दिवशी जाऊन कुलूप काढतो, जाळी झाडतो, विहिरीचं पाणी उपसतो. सासूबाईंच्या दाराचं कुलूप पुढे कुणी काढलं, हे त्यांना कधीच कळलं नाही.